शैक्षणिक वर्ष: अर्थ, वापर आणि कोकणातल्या शाळेचे वर्षभराचे नियोजन

बोनाफाईडवर ‘सन २०२६-२७’ एवढे लिहिले की शैक्षणिक वर्षाचा विषय संपला, असे बऱ्याच पालकांना वाटते. शाळा व्यवस्थापन समितीत निवडून आलेल्या पालकांनाही तसेच वाटते, आणि मग वर्षाचे नियोजन म्हणजे मुख्याध्यापकांनी पुढे केलेल्या कागदावर सही करणे, एवढेच उरते. गुहागर, राजापूर, देवगडकडच्या वाड्यांतल्या शाळांना हे परवडणारे नाही. पाऊस, गणपती, शिमगा आणि आंबा या चार गोष्टी आमच्या मुलांची हजेरी ठरवतात. सबंध राज्यासाठी आखलेल्या वेळापत्रकात त्या नीट मावत नाहीत. नियमांनी मात्र त्यांना जागा ठेवली आहे. ती कुठे आहे आणि कशी वापरायची, ते समितीच्या सदस्यांसाठी, नव्याने कोकणात रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी इथे सविस्तर लिहितो.

शैक्षणिक वर्ष कुठून कुठपर्यंत

राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५ जूनला उघडतात. तिथपासून पुढच्या जूनमध्ये शाळा पुन्हा उघडेपर्यंतचा काळ म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. मे महिन्याची सुट्टी सरत्या वर्षात धरली जाते. वर्षाचे दोन भाग असतात: जून ते दिवाळी हे प्रथम सत्र, दिवाळीनंतर एप्रिलअखेर हे द्वितीय सत्र. प्रत्येक सत्राअखेर संकलित मूल्यमापन होते, आणि अधल्यामधल्या दिवसांत शिक्षक आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी ठेवत असतात.

केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मुंबईतल्या अशा शाळेतून मूल गावच्या शाळेत आणायचे असेल तर हा अडीच महिन्यांचा फरक लक्षात ठेवावा. उलट्या दिशेने जाताना तो जास्त नडतो, कारण तिथे एप्रिलमध्ये पुढच्या इयत्तेचे शिकवणे सुरू झालेले असते आणि आपल्याकडे त्याच सुमारास वार्षिक परीक्षा चालू असतात.

अर्जावर लिहिताना

इथे तीन वर्षे एकमेकांत मिसळतात. जानेवारी ते डिसेंबर हे कॅलेंडर वर्ष, एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष आणि जून ते जून हे शैक्षणिक वर्ष. अर्ज परत येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, म्हणून उदाहरणांनीच सांगतो.

फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्ये दहावीला बसलेल्या मुलीच्या अर्जात ‘शैक्षणिक वर्ष’ विचारले तर २०२६-२७ लिहा. ‘उत्तीर्ण वर्ष’ विचारले तर २०२७ लिहा, कारण गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि सन छापलेले असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मुलांच्या गुणपत्रिकेवर विभागीय मंडळ म्हणून ‘कोकण’ येते. हे मंडळ २०१२ मध्ये सुरू झाले आणि त्याचे कार्यालय रत्नागिरीत आहे. रायगड जिल्हा मात्र मुंबई विभागात मोडतो. म्हणजे मंडणगडचा मुलगा आणि शेजारच्या महाडचा मुलगा एकाच कॉलेजात अर्ज करताना मंडळाच्या रकान्यात वेगवेगळे नाव लिहितात.

शिष्यवृत्तीच्या अर्जात शैक्षणिक वर्ष चालू असते, पण उत्पन्न बहुधा आधीच्या आर्थिक वर्षाचे मागतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही. म्हणून एप्रिल उजाडल्यावर, सेतू केंद्रावर जूनची गर्दी होण्याआधी, नवा दाखला काढून ठेवावा.

पहिलीच्या प्रवेशासाठी ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश हवा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची ६ वर्षे पूर्ण होणे आवश्यक असते. २०२६-२७ साठी ३१ डिसेंबर २०२० ला किंवा त्याआधी जन्मलेले मूल पात्र ठरते.

नवोदयच्या सहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाने पाचवीचे संपूर्ण शैक्षणिक वर्ष त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेले असावे लागते. सांगेलीच्या नवोदयाकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबाने दिवाळीत मुंबईहून गावी बिऱ्हाड हलवले तर मुलगा त्या वर्षीच्या परीक्षेला सिंधुदुर्गातून पात्र ठरत नाही. हलवायचेच असेल तर जूनपूर्वी हलवा.

नियोजनाची पहिली पायरी: दिवसांचा हिशोब

नियोजनाची बैठक एप्रिलमध्ये घ्यावी, जूनमध्ये नको. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकवाटप आणि गळके छप्पर यांतच पंधरवडा जातो.

बैठकीत फळ्यावर आधी हे मांडा. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षातल्या रविवार सोडून सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त होता कामा नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० व्हायला हवेत. ३६५ मधून ५२ रविवार गेले की ३१३ उरतात. त्यातून ७६ सुट्ट्या गेल्या की २३७. म्हणजे सगळ्या सुट्ट्या पुरेपूर घेतल्या तर हाताशी फक्त ७ दिवस शिल्लक राहतात. अतिवृष्टी, वादळ, निवडणुकीसाठी शाळेची इमारत घेतली जाणे, हे सगळे या ७ दिवसांत बसवायचे असते. लांज्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या पावसाला ७ दिवस अपुरे आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून माझे ठाम मत असे की कोकणातल्या शाळेने ७६ सुट्ट्या कधीही पूर्ण वाटून टाकू नयेत. चार-पाच दिवस मोकळे ठेवून द्यावेत. पाऊस कमी पडला तर द्वितीय सत्रात ते जत्रेला देता येतात.

याशिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ चे किमान आकडे आहेत: पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. यातले तास महत्त्वाचे आहेत. आकाश भरून आले म्हणून अकराला शाळा सोडली, तर हजेरीपटावर तो दिवस भरतो, तास भरत नाहीत. अशा दिवसांची वेगळी वही ठेवा आणि अर्ध्या दिवसाच्या शनिवारी जादा वेळ घेऊन ते तास भरून काढा. सहावीच्या वरच्या वर्गांसाठी दिवसाला साडेचार तासांचे शिकवणे धरले, तर एक बुडालेला दिवस दोन शनिवारी सव्वादोन-सव्वादोन तास थांबून भरतो. पण ज्या मुलांना परतीची एसटी एकच आहे, त्यांचा विचार आधी करा. आगाराला शाळेचे पत्र देऊन त्या दिवसापुरती बसची वेळ विचारून घ्या.

तिथीवर चालणारे दिवस

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी, ६ डिसेंबर अशा ठरलेल्या तारखा आणि शासनाच्या यादीतल्या सुट्ट्या मांडायला वेळ लागत नाही. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्या कळल्या की लिहून घ्या. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या मात्र तूर्त कुठेही टाकू नका, त्यांचे काम पुढे आहे.

आता पंचांग घ्या. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. दोन्ही सण १८ दिवस पुढे सरकले. शाळा मात्र दोन्ही वर्षी जूनच्या मध्यालाच उघडायची. याचा अर्थ अधिक महिन्याच्या वर्षी प्रथम सत्र अडीच आठवड्यांनी लांबते आणि द्वितीय सत्र तेवढेच आखडते. मागच्या वर्षीचे घटक नियोजन तारखा बदलून उतरवले तर दिवाळीनंतर धावपळ होते आणि गणितातले शेवटचे दोन धडे एप्रिलच्या उन्हात उरकावे लागतात. अशा वर्षी द्वितीय सत्रातला एखादा जड घटक ऑक्टोबरात ओढून घ्या. गणपतीनंतर पाऊस ओसरू लागतो, मुले सणातून मोकळी होतात, आणि कोकणात शिकवण्यासाठी त्याच्याइतके चांगले दिवस वर्षात दुसरे नाहीत.

गणपतीची सुट्टी: बदली कशी मागायची

या भागावर थोडे थांबतो, कारण कोकणातल्या शाळेच्या वर्षाचा कणा हाच आहे. घरोघरी गणपती असतो, चाकरमानी येतात, रात्री आरत्या-भजने चालतात. गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत वर्गात मुले येत नाहीत, आणि आलेली मुले पेंगत असतात. शासकीय यादीत सुट्टी मात्र एका चतुर्थीची.

सुट्ट्यांच्या नियमातच याचे उत्तर आहे. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून त्याऐवजी गणेशोत्सव किंवा नाताळासारख्या सणाला ती समायोजनाने घेता येते. त्यासाठी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते: प्राथमिक शाळेला प्राथमिक विभागाची, माध्यमिकला माध्यमिक विभागाची. एकूण ७६ चा आकडा बदलत नाही, दिवस फक्त इकडचे तिकडे होतात.

२०२६ चे उदाहरण घेऊ. चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. शाळा शनिवारी, १२ तारखेला सुटली आणि १९ तारखेपर्यंत बंद ठेवायची ठरली, तर सोमवार ते शनिवार असे ६ दिवस जातात. त्यातली चतुर्थी यादीतली सुट्टीच आहे. म्हणजे समायोजन ५ दिवसांचे. हे ५ दिवस कुठून काढायचे? माझ्या मते दिवाळीतून ३ आणि मेमधून २. मेमधले पाचही दिवस काढले तर आंब्याच्या ऐन हंगामात शाळा भरेल, पण मुले बागेत असतील. दिवाळीतले पाचही काढले तर मामाच्या गावी गेलेली मुले वेळेवर परतणार नाहीत.

अर्ज असा करावा. समितीच्या बैठकीत ठराव घ्या. त्यात बंद राहणाऱ्या तारखा, त्यांच्या बदल्यात भरणाऱ्या शाळेच्या तारखा आणि एकूण सुट्ट्यांची बेरीज लिहा. सोबत मागच्या दोन वर्षांची गणपतीच्या आठवड्यातली हजेरी जोडा. हा हजेरीचा कागद सगळ्यांत बोलका असतो. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून पुढे, असा तो जातो. सगळ्यांत चांगले म्हणजे तालुक्यातल्या शाळांनी मिळून एकच मागणी करावी. एका घरातले एक मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि दुसरे हायस्कुलात असते. दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या पडल्या तर सणात घर निम्मेच एकत्र येते.

तारखा जूनमध्येच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. मुंबईहून येणाऱ्या घरांना सप्टेंबरच्या मध्याचे तिकीट जुलैच्या मध्यालाच काढावे लागते, आणि सणानंतर मुले मुंबईला घेऊन जाणाऱ्यांना परतीचेही.

पाऊस

रेड अलर्टच्या दिवशी सुट्टीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो, पुष्कळदा रात्री उशिरा. प्रत्येक वाडीतल्या एका पालकाकडे निरोप पोचवण्याची जबाबदारी द्या. नेटवर्क नसलेल्या वाडीत हा माणूस चालत जाणारा हवा. आदेश नसतानाही एखादा पऱ्या किंवा व्हाळ (ओढा) भरून साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जात असेल, तर पलीकडच्या मुलांनी त्या दिवशी घरीच राहायचे, हे समितीने जूनच्या पहिल्या सभेत ठरवून, लिहून ठेवावे. हा निर्णय सकाळी आठ वर्षांच्या पोरीवर सोपवू नये. अशा मुलांसाठी शिक्षकांनी दोन-तीन दिवस पुरतील अशी स्वाध्यायपत्रे आधीच देऊन ठेवावीत.

छपराची कौले आणि पत्रे मेच्या पहिल्या पंधरवड्यात तपासा. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते, दोन्ही वादळे शाळा उघडण्याआधीच्या दिवसांतली होती. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ऐन सत्रातला. नदीकाठच्या शाळेने जनरल रजिस्टर, दाखल्यांची पुस्तके आणि पोषण आहाराचा साठा यांची उंचावरची जागा जूनमध्येच ठरवावी आणि रजिस्टरच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवावेत. ते रजिस्टर भिजून गेले तर तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला जन्मतारखेचा पुरावा मिळणे अवघड होते.

जुलै हा भातलावणीचा महिना. शेती करणाऱ्या वाडीत त्या वेळी पालकसभा ठेवू नये, कोणी येत नाही. कोळीवाड्यात मात्र उलट असते. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असल्यामुळे वडील घरी असतात. हर्णै, साखरीनाटे किंवा मालवणच्या किनाऱ्यावरच्या शाळेने वर्षाची मुख्य पालकसभा जुलैत घ्यावी. १ ऑगस्टनंतर होड्या समुद्रात गेल्या की सभेला फक्त आया येतात, आणि त्यांच्यातल्याही पुष्कळजणी बाजारात मासळी विकायला बसलेल्या असतात.

शिमगा, जत्रा आणि परीक्षा

रत्नागिरीकडे काही गावांत तेरसे (त्रयोदशीचे) शिमगे असतात, काही गावांत भद्रेचे (पौर्णिमेचे). होम वेगळ्या रात्री, पालखी वेगळ्या दिवशी. दोन गावांची मुले ज्या शाळेत येतात तिथे एका गावाच्या पालखीला वर्ग निम्मा रिकामा आणि चार दिवसांनी दुसऱ्या गावाच्या पालखीला उरलेला निम्मा. राखून ठेवलेल्या मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्टीचा विचार इथे करायचा. गावकार आणि मानकऱ्यांना भेटून पालखीचा वाडीवार क्रम विचारून घ्या, मग ठरवा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत होळी कुठेही पडू शकते. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालतात. मंडळाच्या वेळापत्रकात गावाला काही बदल करता येत नाही. पालखी ज्या घरी उतरायची आणि त्या घरात दहावीचे मूल असेल, तर त्या रात्रीचा ढोल लवकर थांबवण्याची विनंती मानकऱ्यांना करता येते. आधी सांगितले तर गाव ऐकते, असा माझा अनुभव आहे.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कुठल्या तिथीला बांधलेली नाही. देवीचा कौल घेऊन ती जाहीर होते. त्यामुळे मालवण तालुक्यातल्या शाळांनी जूनच्या कागदावर त्या जागी तारीख न लिहिता ‘जत्रा, एक दिवस’ एवढेच लिहून राखीव दिवसांतला एक तिच्या नावे ठेवावा. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला असते, त्यामुळे देवगडकरांना ती पंचांगातच दिसते.

काजू आणि आंबा मार्चपासून मुले ओढून घेतात. सकाळची शाळा सुरू झाली की हजेरी सावरते, पण दुपारी बिया वेचून दमलेल्या मुलांकडून गृहपाठाची अपेक्षा कमी ठेवा. नवीन घटक मार्चच्या मध्यापर्यंत संपवून एप्रिल उजळणीला द्यावा.

वर्षाच्या मध्येच येणारी-जाणारी मुले

रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पटसंख्येची गणना ३० सप्टेंबरच्या तारखेवर होते. म्हणजे कागदावर मूल वर्षभर आपल्या शाळेत दिसते आणि द्वितीय सत्रात ते प्रत्यक्षात कुठल्याच शाळेत नसते. यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच पाड्यावर जाऊन कोण कुठल्या भट्टीवर जाणार, याची यादी करा. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शिक्षण हमी कार्ड (तिथल्या शाळेत शिक्षण चालू राहावे म्हणून दिले जाते ते) द्या, आणि भट्टी ज्या गावात आहे तिथल्या शाळेला फोन करा. आजी-आजोबा मागे राहणार असतील तर मूल त्यांच्यापाशी ठेवता येईल का, हेही त्याच भेटीत विचारा.

उलट बाजूने, आंब्याच्या बागांवर राखणीला नेपाळी कुटुंबे येतात, त्यांच्यासोबत शाळेच्या वयाची मुले असतात. ‘वर्ष सुरू होऊन गेले, आता जूनमध्ये या’ असे त्यांना सांगणे कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ नुसार प्रवेशाची वाढीव मुदत उलटल्यानंतरही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही, आणि कलम ४ नुसार मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेतच बसवायचे असते. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. बागायतदार समितीत असतील तर हे काम फार सोपे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुटुंब बागेत उतरले की त्याच आठवड्यात मुलांना शाळेत आणून सोडायला त्यांना सांगा.

तयार कागद कुठे लावायचा

वर्षाचे नियोजन एका पानावर, मोठ्या अक्षरात लिहून चार जागी लावा: शाळेच्या दर्शनी भिंतीवर, ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात आणि एसटीच्या थांब्यावर. सत्राच्या तारखा, संकलित मूल्यमापनाचे आठवडे, सुट्ट्या आणि राखीव दिवस एवढेच त्यावर असावे. बदल झाला की जुन्या तारखेवर रेघ मारून नवी तारीख लिहा. सुट्टी देण्याचा प्रत्येक बदल आणि भरून काढलेला प्रत्येक तास समितीच्या इतिवृत्तात नोंदवा. पुढच्या एप्रिलच्या बैठकीला हजेरीपट सोबत घेऊन बसा आणि ज्या दिवशी निम्म्याहून कमी मुले आली होती, त्या प्रत्येक तारखेसमोर कारण लिहून काढा. नव्या वर्षाच्या समायोजनाच्या अर्जाला हाच कागद जोडायचा असतो.